ब्लोअर फक्त चौथ्या नंबरवरच का चालतो?



कारंजा तालुक्यातील कामरगावहून एका भावाने विचारले आहे. त्यांची जुनी गाडी भाड्याने चालते, तीच घराची रोजी. ए.सी. गार करतो; पण ब्लोअर एक, दोन, तीन नंबरवर मुळीच हवा फेकत नाही, चारवर मात्र धो-धो फेकतो. गॅरेजात सांगितले, "मोटार गेली, पूर्ण बदला." एवढा खर्च करावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

भाऊ, थांबा. जी मोटार चौथ्या नंबरवर जोरात फिरते, ती गेली असे कसे म्हणायचे?

काही वाचक म्हणतील, गरिबाला ए.सी.चे काय कौतुक! पण आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा वेळी म्हातारा पेशंट अकोल्याला किंवा अमरावतीला न्यायचा, तर गाडीतला गारवा ही चैन राहत नाही. पावसाळ्यात तर ब्लोअर जिवाशी संबंधित आहे. पाच-सात माणसे बसली की समोरची काच आतून धुरकट होते आणि कोरडी हवा काचेवर मारल्याशिवाय रस्ता दिसत नाही. ड्रायव्हर एका हाताने फडके मारतो, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरतो. हे चांगले नव्हे.

आता आतली रचना पाहू. ब्लोअर म्हणजे साधा पंखा, बारा व्होल्टच्या मोटारीवर फिरणारा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो. वेग कमी करायचा तर मोटारीला वीज कमी द्यायची. त्यासाठी वाटेत रेझिस्टर नावाचा लहानसा भाग बसवतात. त्यात तारेची वेटोळी असतात. एक नंबरवर वीज सर्व वेटोळ्यांतून जाते, दोन-तीनवर त्यांतल्या काहींतून, आणि शेवटच्या नंबरवर रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटारीत. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो, तोच इथे राबतो. म्हणून खालचे सगळे नंबर बंद आणि शेवटचा चालू, असे दिसले की पहिला संशय रेझिस्टरवर घ्यावा. मोटारीच्या मानाने तो पुष्कळ स्वस्त मिळतो.

रेझिस्टर तापतो, म्हणून तो पंख्याच्या वाऱ्यातच बसवलेला असतो. फार तापला तर त्यातला उष्णतेचा फ्यूज वितळतो आणि खालचे नंबर एकदम जातात. एकच वेटोळे तुटले, तर सगळे न जाता एखाद-दुसराच नंबर जाऊ शकतो.

काम करताना गाडी बंद करा, चावी काढा, हँडब्रेक ओढा, आणि बॅटरीचे मायनस टर्मिनल सोडा. बहुधा दहा नंबरचा पाना लागतो. डावा कप्पा उतरवला की पंख्याच्या डब्यावर दोन स्क्रूंनी बसवलेला रेझिस्टर दिसेल. ब्लोअर नुकताच चालवला असेल तर हात लावू नका, चटका बसतो. पिवळ्या वेष्टनाच्या वायरी किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा समजून मुळीच सोडू नका.

रेझिस्टर काढून मीटर लावा. पिनांमध्ये अगदी थोडे, चार-पाच ओहमच्या आतले आकडे यायला हवेत. आकडा आलाच नाही तर तार तुटलेली आहे. काही जण जळलेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा डाखतात. पंखा फिरतो, पण आग लागण्यापासून वाचवणारी सोय आपण आपल्या हाताने काढून टाकलेली असते. असे करू नये.

आता महत्त्वाची गोष्ट, जी घाईत सगळे विसरतात. रेझिस्टर का जळला? नवा बसवून महिन्याने पुन्हा जळला तर दोष दुकानदाराला लागतो. पंखा हाताने फिरवून पाहा. तो अलगद फिरला पाहिजे. धूळ, वाळका पाला किंवा उंदराने आणलेला कापूस अडकला असेल तर मोटार जड फिरते, जास्त वीज ओढते. हवेची जाळी, म्हणजे केबिन फिल्टर, मातीने भरली असेल तर वारा कमी पडतो आणि रेझिस्टर गार होत नाही. कपलरही बारकाईने पाहा; तो तपकिरी किंवा वितळलेला असेल तर तोही बदला, नाहीतर नवा रेझिस्टर त्याच जळक्या खाचेत बसेल.

कुठलाच नंबर चालत नसेल तर वाट वेगळी. आधी फ्यूज पाहावा. पात्याच्या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत : लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, पारदर्शक २५ चा, हिरवा ३० चा. जळाला त्याच रंगाचा घाला. मोठा घातला तर फ्यूज टिकेल, वायर जळेल. फ्यूज चांगला असेल तर इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब दोन वायरींना जोडा. बॅटरीचे टर्मिनल परत लावून, चावी आणि ब्लोअर चालू करून तो बल्ब मोटारीच्या कपलरच्या दोन पिनांना टेकवा. लख्ख पेटला तर वीज येते आहे, मग दोष मोटारीत. मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर स्विच, रिले, रेझिस्टर नाहीतर अर्थची वायर तपासा. मीटरपेक्षा इथे बल्ब बरा. जळक्या जोडातूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, बल्ब खोटे बोलत नाही. हे काम दोघांनी करावे. एकाने स्विच फिरवायचा, दुसऱ्याने बल्ब धरायचा. घरातल्या मुलींना बाजूला उभे करू नका, त्यांच्या हाती बल्ब द्या.

मोटारीच्या पाठीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी मारताच पंखा फिरू लागला, तर मोटारीचे कार्बन झिजले आहेत. काही मोटारींत ते बदलता येतात, काहींत पूर्ण मोटारच घ्यावी लागते. आणि पंख्याचा आवाज येतो, पण अर्ध्या तासाने वारा कमी कमी होत जातो, गाडी थोडी थांबवल्यावर परत येतो, असे असेल तर कुलिंग कॉईलवर बर्फ धरतो आहे. तिथे मोटारीला हात लावायचे कामच नाही. आधी फिल्टर झटका. तरी फरक नसेल तर ए.सी.च्या जाणकाराकडे जा. गॅसचा पाइप घरी कधीही सोडू नये, आतला दाब भयंकर असतो.

गाडीत ए.सी. कंपनीनेच बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेत पॅकार्डने १९४० च्या मॉडेलपासून केली. तो डिकीत असे, आणि बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा हाताने उतरवावा लागे. त्या मानाने आपण सुखी!

ज्या गाड्यांत नंबरांऐवजी आकड्यांचा पडदा आणि आपोआप चालणारा ए.सी. असतो, त्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक भाग असतो. तिथे बल्बचा प्रयोग करू नका.

कामरगावच्या भावाने दुकानात जाताना जुना रेझिस्टर सोबत न्यावा. एकाच कंपनीच्या दोन सालांच्या गाड्यांतही पिनांची संख्या वेगळी निघते, आणि दुकानदार इलेक्ट्रिकचा माल बहुधा परत घेत नाही.