वाकस धरणारा मास्तर पाहिजे

कोथरुडच्या रस्त्याने कोणी डोळे उघडे ठेवून चालला, तर त्यास वाटेल की या भूमीत हल्ली विज्ञानाचे पीक उदंड आले आहे. खांबाखांबावर पाट्या, पाट्यांवर मुलांचे चेहरे आणि चेहऱ्यांखाली गुणांचे आकडे! अमक्या क्लासात फिजिक्स, तमक्यात केमिस्ट्री, आणि दोहोंची फी ऐकून बापाने मटकन खाली बसावे. जेथे एके काळी शेते होती, तेथे आता विज्ञान विकावयास बसले आहे. विकणारांवर आमचा राग नाही. बाजार तेथे दुकान निघावयाचेच. आमचा सवाल निराळा आहे. याच कोथरुडात सुतारदरा आहे, केळेवाडी आहे, किष्किंधानगर आहे. तेथे गवंडी, सुतार, फिटर, रंगारी आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आयाबहिणी राहतात. त्यांच्या लेकरांच्या पदरात या पिकाचे किती दाणे पडतात?

अशाच एका वस्तीत आम्ही एका सुताराच्या घरी बसलो होतो. मुलगा सातवीत. तो भिंतीशी डोके हलवीत घोकत होता : टेकू, भार, बल, टेकू, भार, बल. तरफेचे तीन प्रकार त्याने आम्हास घडाघडा म्हणून दाखविले. शेजारीच बाप जंबुराने जुन्या फळीतले खिळे उपशीत होता. आम्ही विचारले, "बाळ, तुझ्या बापाच्या हातात जे आहे, त्यात टेकू कोठे आला?" पोरगा आमच्या तोंडाकडे पाहू लागला. शेवटी म्हणाला, "ते पुस्तकात नाही." मग आम्ही बापास विचारले, "तुम्ही दांडा अगदी टोकाला का धरता?" तो हसून म्हणाला, "टोकाला धरला की जोर कमी लागतो. हे काय शिकावं लागतं व्हय?"

वाचकहो, साऱ्या दुखण्याचे मूळ या एका खोलीत आहे. बापाजवळ वस्तू आहे, नाव नाही. मुलाजवळ नाव आहे, वस्तू नाही. दोघांमध्ये दोन हातांचे अंतर. पण ते तोडावयास सात वर्षांची शाळा पुरली नाही! त्या शाळेत विज्ञानाचे एक कपाट आहे म्हणे, आणि कपाटाला कुलूप आहे. काचसामान फुटेल म्हणून ते उघडत नाहीत. प्रयोगाची वही मात्र पूर्ण असते, कारण ती मागल्या वर्षीच्या मुलाच्या वहीवरून उतरवलेली असते. ज्या विद्येचा पहिला मंत्र 'स्वतः पाहा, मग मान' असा आहे, तीच विद्या न पाहता मानावयास लावणे, ही पोथीची संध्या झाली. तिला विज्ञान म्हणू नये.

यावर शहाणे लोक सांगतात की सरकारजवळ पैसा नाही, प्रयोगशाळा नाहीत, साधने नाहीत. आम्ही म्हणतो, साधने तुमच्या डोळ्यांपुढे आहेत. पण ती कष्टकऱ्याच्या घरची असल्यामुळे तुम्हास ती साधने वाटत नाहीत. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविणारा लोहार घ्या. अशी चाके आता थोडी उरली, पण चढविलेली पाहणारे म्हातारे अजून पुष्कळ आहेत. धाव चाकाहून किंचित लहानच करतात. ती भट्टीत लाल करतात, ती फुगते, चाकावर बसते. वरून पाणी ओतताच आवळते आणि आरे तुंब्यात गच्च बसवते. 5 फूट व्यासाच्या चाकाची धाव 500 अंशांनी तापविली, तर तिचा घेर सुमारे एक इंच वाढतो. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे वाक्य शंभर वेळा लिहिण्यापेक्षा हा एक इंच एकदा मोजणे बरे.

गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवितो. दोरीवर 3, 4 आणि 5 अशी मापे धरून काटकोन काढतो. मास्तर ज्याला पायथागोरसचा सिद्धान्त म्हणतात, तो गवंड्याच्या दोरीत रोज ताणला जातो. सुताराच्या पट्टीवर इंचाचे आठ सूत असतात. अपूर्णांकांना भिणाऱ्या पोराने तीन सूत आणि पाच सूत मिळवून पाहावे, भीती पळेल. कुंभाराचा माठ उन्हाळ्यात पाणी गार करतो आणि पावसाळ्यात करीत नाही, ते का? विहिरीवरचा पंप काठावर ठेवला तर खोलवरचे पाणी ओढत नाही, म्हणून शेतकरी तो खाली पाण्याजवळ उतरवून बसवितो, ते का? पंप पाणी ओढीत नसतो. बाहेरची हवा पाण्यास वर रेटते, आणि तिचा जोर हिशोबाने 34 फुटांपर्यंतच चालतो, व्यवहारात 25 फुटांच्या आतच. ही गोष्ट शेतकऱ्याच्या खिशाशी बांधलेली आहे. पण पुस्तकात ती 'वातावरणाचा दाब' या नावाने येते आणि परीक्षा झाली की निघून जाते.

हरभऱ्याचे झाड मुळासकट उपटा. मुळांवर गाठी दिसतील. नखाने एक फोडा. आत गुलाबी असेल तर तेथील जीवाणू हवेतला नायट्रोजन धरून झाडास देत आहेत असे समजावे. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि किती मोडले ते मोजा. बियाण्याच्या पिशवीवरचा छाप खरा की खोटा, याचा निवाडा तुमची सहावीतली मुलगी करील. हे शिक्षण नव्हे काय? यास कोणते कपाट लागते, आणि कोणत्या कुलपाची किल्ली?

हे आम्ही आज नवीन बोलतो असे नव्हे. 1882 साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी याच पुणे शहरातून निवेदन दिले. रयतेच्या करावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि रयतेची पोरे अडाणी राहतात, हे तर त्यांनी सांगितलेच; पण प्राथमिक शाळेत शेतीचे व आरोग्याचे ज्ञान शिकवावे, असेही मागितले. आणि मास्तर कसा पाहिजे? तो शक्यतो शेतकरी वर्गातून तयार केलेला, लोकांत मिसळणारा आणि प्रसंग पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरू शकणारा असावा, अशी त्यांची मागणी होती. वाकस! कमिशनपुढे, साहेबांच्या टेबलावर, जोतीरावांनी सुताराचे हत्यार नेऊन ठेवले. तेव्हापासून कमिशने पुष्कळ आली आणि गेली. टेबलावरचा वाकस मात्र कोणी उचलला नाही.

कोणीच नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. आणि उचलणारांचा धागा कोथरुडातूनच जातो, म्हणून हा लेख. जे. पी. नाईक यांनी 1948 साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली. 1976 साली ती पुण्यास आली आणि कोथरुडात वसली. हेच नाईक 1964 ते 1966 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. पहिली दहा वर्षे प्रत्येक मुलास विज्ञान व गणित शिकवावे आणि हाताच्या कामाचा अनुभव शिक्षणाचा भाग असावा, असे त्या आयोगाने सांगितले. आमच्या शाळांनी त्या कार्यानुभवाची काय गत केली? क्रेप कागदाची फुले! असो.

याच कोथरुडच्या संस्थेचे एक केंद्र म्हणून 1983 साली शिरूर तालुक्यातील पाबळ या कोरडवाहू गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. हे गृहस्थ अमेरिकेत डॉक्टर झालेले, मोठ्या कंपनीत संशोधन केलेले. ते उठून दुष्काळी गावात येऊन राहिले. त्यांनी शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी आठवड्याचा एक दिवस हाताच्या कामास दिला, आणि त्यात चार गोष्टी ठेवल्या : यंत्र व बांधकाम, ऊर्जा व पर्यावरण, शेती व जनावरे, घर व आरोग्य. शिकविणारे कोण? गावातलेच काम जाणणारे लोक. मुलांनी वेल्डिंग करावे, वीज जोडावी, रक्तातले हिमोग्लोबिन तपासावे, आणि प्रत्येक कामाचा खर्च काढून वहीत लिहावा.

आमच्या गावोगाव पाणाड्या येतो, तळहातावर नारळ धरतो, नारळ उभा राहिला की बोट दाखवितो आणि दक्षिणा घेऊन जातो. बोअर कोरडी गेली तर दोष शेतकऱ्याच्या नशिबाचा! पाबळात मात्र जमिनीत विजेचा प्रवाह सोडून खडकाचा अडथळा मोजणारे यंत्र तयार केले गेले आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधावयास शिकविले गेले. तोही अंदाजच, चुकू शकतो. पण तो का चुकला हे विचारता येते. नारळास काय विचारणार?

दुसराही दाखला घ्या. मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील 16 शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविणे सुरू झाले आणि पुढे ते शेकडो शाळांत पसरले. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण तपासावयाची होती ती अक्कल, पाठांतर नव्हे. पुण्यात मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 साली रजा घेऊन तेथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी आकृत्या केल्या. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैच्या त्रिकोणी का, हे पोराला दोन पैशांत कळले! हेच गुप्ता पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कित्येक वर्षे मुलांना कचऱ्यातून खेळणी करून विज्ञान शिकवीत होते. आणि होशंगाबादचे काय झाले? तीस वर्षे चाललेले ते काम तेथील सरकारने 2002 साली बंद केले. गरिबाचे पोर 'का?' विचारावयास शिकले की ती शाळा फार दिवस कोणास सोसत नाही.

आता एक आक्षेप आमच्याच घरातून येईल, आणि तो खरा आहे. आमचा सुतार बांधव म्हणेल, "अहो, मी वाकस धरला तेवढा पुरे झाला. पोरानं पण तेच धरायचं, तर शाळेत कशाला घालू?" ही भीती खुळी नाही. 1953 साली मद्रास प्रांतात राजाजींनी खेड्यातल्या शाळांची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी बापाचा धंदा शिकावा, अशी योजना काढली होती. लोक खवळले, आणि 1954 साली ती मोडीत निघाली. मोडली हे उत्तम झाले. कुंभाराचा पोर कुंभारच राहावा म्हणून दिलेले शिक्षण हे शिक्षण नव्हे. तो जुनाच बेडीचा नवा खिळा आहे.

म्हणून आम्ही ठासून सांगतो : हाताचे काम आमच्याच पोरांना आणि भौतिकशास्त्र तेवढे बंगलेवाल्यांच्या पोरांना, ही वाटणी आम्हास कबूल नाही. वाकस सर्वांच्या हाती द्या. कोथरुडच्या मोठ्या इंग्रजी शाळेतल्या मुलाच्याही हाताला एकदा फोड येऊ द्या; आणि सुतारदऱ्यातल्या मुलीला वाकसाबरोबर त्याच्यामागचे गणित, बल आणि धातूचे शास्त्र पुरतेपणी द्या, की उद्या तिने सुतार व्हावे, इंजिनिअर व्हावे की डॉक्टर, हे तिचे तिने ठरवावे. नाव आणि वस्तू, दोन्ही. एकावर बोळवण नको.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा लिहिली आहे. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे असे म्हटले आहे. वाचून संतोष झाला, आणि हसूही आले. तीन वर्षांत दहा दिवस! देवीच्या जत्रेलाही लोक दरसाल जातात. शिवाय मुलाने सुताराकडे जावयाचे, पण सुताराने शाळेत यावयाचे काय? आला तर त्यास खुर्ची मिळेल की दाराशी उभा करतील? त्याच्या बुडालेल्या रोजगाराचे पैसे कोण देणार? ज्या दिवशी शाळेच्या हजेरीपटावर सुताराचे नाव शिक्षक म्हणून चढेल आणि महिनाअखेर त्यास मानधन मिळेल, त्या दिवशी आम्ही या धोरणास खरे मानू.

बंधुभगिनींनो, सरकारने करावे म्हणून हात जोडून बसू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. या पाऊण खुर्च्या तुमच्या आहेत. रोज बुडतो म्हणून त्या रिकाम्या सोडू नका. सभेत बसा आणि तीन गोष्टी विचारा : कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे? या महिन्यात माझ्या पोराने स्वतःच्या हाताने कोणता प्रयोग केला? आणि गावातला गवंडी, लोहार, शेतकरी, सुईण यांतले कोणी शिकवावयास बोलाविले काय? उत्तर मिळेपर्यंत उठू नका.

आणि घरी आज रात्रीच एवढे करा. पोर घोकावयास बसले की त्याच्या हातात आपले हत्यार द्या. तुम्ही त्यास वस्तू दाखवा, त्याने तुम्हास नाव सांगावे. शाळेला सात वर्षांत जे दोन हातांचे अंतर तोडता आले नाही, ते बापलेकांनी मिळून तोडावे. मग त्या पोराला घेऊन शाळेत जा आणि मास्तरांना नमस्कार करून म्हणा, "गुरुजी, आमच्या घरी निम्मे विज्ञान आहे. उरलेले निम्मे तुमच्याकडे बाकी आहे. तेवढे चुकते करा."