शेवट कोणी बिघडवला?

'सैराट'चा विषय निघाला की वरोऱ्यातही ऐकू येते, "प्रेमकथा छान होती, शेवटाने बिघडवली. प्रेमात जात कशाला?" आम्ही विचारतो, जात आणली कोणी? २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून खून झाला. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. 'सैराट' आला २०१६ मध्ये. म्हणजे तो शेवट नागराज मंजुळेंच्या आधी या समाजानेच लिहिला होता.

प्रेमात जात नको म्हणणारा हाच प्रेक्षक 'बाजीराव मस्तानी'तल्या पेशवाईच्या झगमगाटावर खूश होतो. त्या पेशवाईतली अस्पृश्यता पडद्यावर का नाही, हे मात्र विचारत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाने तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जयभीम!