रँक नको, रुग्ण दाखवा

‘पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, फीकडे बघू नका, रँकिंग बघा.’ नीटचा निकाल लागला आणि एमबीबीएस हातचं गेलं हे कळलं, की माण-हिंजवडीच्या घराघरांत फिजिओथेरपीचा विषय निघतो आणि त्यापाठोपाठ हा सल्ला येतो. देणारी माणसं बहुतेक वेळा आपलीच असतात, त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण फिजिओथेरपीपुरता हा सल्ला मुळातच चुकीचा आहे. ज्या घराने तो ऐकून एखादा गुंठा विकला किंवा बँकेची पायरी चढली, त्या घराला तो पुढची दहा-पंधरा वर्षं भोवतो. म्हणून त्याचा समाचार नीट घेतला पाहिजे.

पहिला प्रश्न असा, की हे रँकिंग आहे तरी कशाचं? केंद्र सरकारची एनआयआरएफ ही क्रमवारी २०१६ पासून जाहीर होते. तिच्यात अभियांत्रिकी आहे, व्यवस्थापन आहे, औषधनिर्माण, वैद्यक, दंतवैद्यक, विधी, वास्तुरचना आहे. फिजिओथेरपीचा वेगळा विभाग नाही. मग माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापलेला आकडा कुठून येतो? तो असतो त्या विद्यापीठाचा, किंवा त्याच आवारातल्या वैद्यकीय अथवा दंत महाविद्यालयाचा. नॅक या मूल्यांकन संस्थेची श्रेणीही अशीच, ती संपूर्ण संस्थेला मिळते. शेजारच्या इमारतीत दात चांगले बसवतात, म्हणून या इमारतीत लकव्याच्या रुग्णाला चालवायला चांगलं शिकवतात असा निष्कर्ष कोणता पालक शुद्धीवर असताना काढेल? पण छापील आकडा समोर आला की नेमका तोच निष्कर्ष काढला जातो, आणि त्याच्या जोरावर लाखांची फी भरली जाते.

आता त्या क्रमवारीच्या पोटात शिरू. शंभर टक्क्यांपैकी ३० टक्के भार अध्यापन आणि साधनांवर, ३० टक्के संशोधन व व्यावसायिक कामावर, २० टक्के पदवीधरांच्या निष्पत्तीवर, १० टक्के सर्वसमावेशकतेवर आणि १० टक्के लोकमतावर, म्हणजे त्या संस्थेविषयी इतरांना काय वाटतं यावर. संशोधन वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आपल्या मुलीने तिसऱ्या वर्षात किती खांदे हाताळले, किती रुग्णांना अतिदक्षता विभागात श्वासाचे व्यायाम दिले, हे या पाचांपैकी एकाही रकान्यात दिसत नाही. फिजिओचं शिक्षण तर नेमकं तेच आहे.

‘अहो, पण परदेशात जायचं तर कॉलेजचं नाव लागतं ना?’ हा दुसरा बुरूज, आणि आयटी पार्कच्या छायेत वाढलेल्या आपल्या पट्ट्यात तो फार भक्कम मानला जातो. अमेरिकेचंच उदाहरण घेऊ. तिथे परदेशी पदवीधराची कागदपत्रं एफसीसीपीटीसारखी संस्था तपासते. ती विषयवार अभ्यासाचे तास पाहते, रुग्णांवर केलेल्या प्रत्यक्ष कामाचे तास पाहते आणि तिथल्या अभ्यासक्रमाशी त्यांची तुलना करते. पुढे एनपीटीई ही परवाना परीक्षा सर्वांना एकच असते. त्या देशात फिजिओथेरपी कॉलेजांची एक गाजलेली यादी निघते खरी, यू. एस. न्यूज या प्रकाशनाची. पण ती केवळ त्याच क्षेत्रातल्या अधिष्ठाता-प्राध्यापकांच्या मतांवर बेतलेली असते. फीचा, निकालाचा, रुग्णसंख्येचा तिच्याशी संबंध नाही. कॉलेजांना मान्यता देणारी तिथली सीएपीटीई ही संस्था स्वतः कोणतीच क्रमवारी लावत नाही. ज्या देशाच्या नावाने आपल्याला रँकिंगची भीती घातली जाते, तिथे परवाना परीक्षा आणि रुग्णांवरचं प्रत्यक्ष काम मोजलं जातं.

महाराष्ट्रात तर आणखी एक गोष्ट आहे, जी सल्ला देणारे क्वचितच सांगतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न असलेल्या कॉलेजांत अभ्यासक्रम एक, लेखी प्रश्नपत्रिका एक, आणि पदवीवर नावही त्याच विद्यापीठाचं. नोंदणी करणारी राज्य परिषदही एकच. बीपीटीएचचं, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचं, प्रमाणपत्र घेऊन माणमध्ये क्लिनिक उघडणाऱ्याला मान आखडलेला संगणक अभियंता कॉलेजचा क्रमांक विचारत नाही. चार बैठकांत मान वळायला लागली की तो आपल्या टीममधल्या दुसऱ्याला पाठवतो.

समोरच्या बाजूचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. मोठ्या रुग्णालयांना स्वतःच्या कॉलेजातली मुलं नोकरीवर घ्यायला आवडतात, आणि खेळाच्या संघांबरोबर काम करायचं तर जुन्या, नामांकित ठिकाणच्या ओळखी उपयोगी पडतात. हे खरं आहे. पण हा फायदा थोड्यांना मिळतो, आणि त्याची किंमत सगळ्यांकडून वसूल होते.

ती किंमत कागदावर मांडू. समजा कॉलेजची फी वर्षाला अडीच लाख आहे आणि चारही वर्षांची फी कर्जातून भरली. एकूण मुद्दल १० लाख. व्याज १० टक्के, शिक्षणकाळात सरळ व्याजाने. अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा, आणि नंतर सवलतीचं एक वर्ष. हप्ता सुरू होईपर्यंत व्याजच ४ लाख होतं. १४ लाखांवर दहा वर्षांचा मासिक हप्ता साधारण १८,५०० रुपये. नव्या फिजिओला पुण्याच्या आसपास पहिला पगार किती मिळतो हे नुकत्याच पास झालेल्या कोणत्याही मुलाला विचारा. वीस हजारांच्या आगेमागेचा आकडा ऐकू येईल. आता हाच हिशोब वर्षाला १ लाख फीचा करा. तितक्याच काळात हप्ता साधारण ७,४०० रुपयांवर येतो. दर महिन्याच्या या अकरा हजारांच्या फरकावर त्या मुलाचं पुढचं पदव्युत्तर शिक्षण (एमपीटीएच), क्लिनिकचं भाड्याचं डिपॉझिट, कधी कधी लग्नही अडून राहतं. शिवाय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये आणलेल्या नव्या अभ्यासक्रमात मुदत पाच वर्षांची झाली आहे, त्यात इंटर्नशिपच एक वर्षाची. म्हणजे फीच्या जोडीला राहण्याखाण्याचा खर्चही सहा महिन्यांनी लांबतो. एका वर्षाची फी ऐकून होकार देणाऱ्या पालकाने हे आधी मोजलं पाहिजे.

एवढं वाचून कुणी उलट टोकाला जाईल: ‘पदवी सगळीकडे सारखीच, मग सर्वांत स्वस्त कुठे आहे तेच घेऊ.’ हेही मला मान्य नाही, आणि याचं खंडन मी तितक्याच जोराने करीन. स्वतःचं रुग्णालय नसलेली, कुठल्याशा दवाखान्याशी करार दाखवून मुलांना आठवड्यातून दोनदा तिकडे पाठवणारी कॉलेजं आहेत. तिथे विद्यार्थी एकमेकांच्याच गुडघ्यावर चार वर्षं हात बसवतात. अशा मुलासमोर इंटर्नशिपमध्ये डोक्याला मार लागलेला, अर्धं अंग लुळं पडलेला खराखुरा माणूस येतो तेव्हा त्याला त्या माणसाला पलंगाच्या कडेला बसवणंही जमत नाही. ती फी कमी असली तरी पाण्यात गेलेली असते.

फी तोलायची ती रुग्णांशी, हे माझं म्हणणं आहे. या राज्यात या विद्येची सुरुवातच तशी झाली. मुंबईत १९५२ साली पोलिओची मोठी साथ आली, आणि १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. ती महापालिकेच्या रुग्णालयात उभी राहिली, कारण पायांतलं बळ गमावलेली मुलं तिथे होती. आजही केईएम, नायर, सायन आणि नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथली सीट मिळत असेल तर दुसरा विचारच करू नये. फी थोडी आणि रुग्णांची रीघ. पण या जागा मोजक्या, कट-ऑफ चढा, आणि माणच्या बहुतेक मुलांना निवड करायची असते ती पुणे-पिंपरीच्या खासगी कॉलेजांतूनच.

तेव्हा रुग्ण बघायला जा. आपला पट्टा या बाबतीत श्रीमंत आहे, दुर्दैवाने. चाकण-भोसरीतले यंत्रात सापडलेले हात, असेंब्ली लाइनवर वर्षानुवर्षं एकच हालचाल करून झिजलेले खांदे, बाह्यवळणावरचे अपघात, हिंजवडीतल्या खुर्च्यांनी वाकवलेल्या पाठी, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे आणि लकवे. हे सगळे कुठे उपचार घेतात? पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे आणि तिथेच डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालयही आहे. शिवाजीनगरला संचेती रुग्णालय आणि त्याचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. कॉलेजच्या पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्या त्या ओपीडीत अर्धा तास बसावं. एका विद्यार्थ्याच्या वाट्याला किती रुग्ण येतात, बाजूला शिक्षक उभा असतो की नाही, मुलं रुग्णाला हात लावतात की नुसती वहीत नोंद करतात, हे डोळ्यांना दिसतं. प्रवेश कार्यालयातल्या माणसाला काही विचारू नये. अंतिम वर्षाच्या मुलांना गाठावं. मेंदूविकार, हृदय-श्वसन, बालरोग अशी सगळी पोस्टिंग होतात का, आयसीयूत जायला मिळतं का, इंटर्नशिपला स्टायपेंड मिळतो का, एवढं विचारलं तरी पुरतं. ती मुलं खरं सांगतात.

याचा अर्थ अभिमत विद्यापीठ कायमचं वर्ज्य, असा नाही. रुग्णालय मोठं आहे, शिकवणं चांगलं आहे आणि फी घरातून कर्जाशिवाय निघते, तर जरूर जावं. पण जाताना दोन गोष्टी माहीत हव्यात. खासगी कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती कॉलेजवार जाहीर असते. अभिमत विद्यापीठं त्या चौकटीबाहेर आहेत. आणि दुसरी गोष्ट मुलींच्या पालकांसाठी. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे, पण प्रवेश सरकारी कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, झाला तरच. व्यवस्थापन कोट्याला ती माफी नाही, खासगी अभिमत विद्यापीठालाही नाही. ‘डीम्डला लगेच सीट मिळतेय, राउंडची वाट कशाला बघायची?’ या एका घाईपायी माफ होणारी फी लोक स्वतःहून अंगावर घेतात. अशी घाई करायला लावणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

राहण्याचा खर्चही फीइतकाच मोजावा. भूमकर चौकातून रोज पिंपरीला जाणं वेगळं, माणहून शिवाजीनगर गाठणं वेगळं, आणि परजिल्ह्यातलं हॉस्टेल-मेस त्याहून वेगळं. घरून जाण्यायेण्यासारखं, गर्दीच्या रुग्णालयाचं, कॅप राउंडचं कॉलेज मिळत असेल, तर माणच्या साध्या उत्पन्नाच्या घराने ते आधी घ्यावं, मग त्याच्या भिंतीवर कोणताही क्रमांक नसला तरी चालेल.

आणि एक मागणी आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. फी जशी कॉलेजवार जाहीर होते, तशीच प्रत्येक फिजिओथेरपी कॉलेजने रोजच्या ओपीडीतल्या रुग्णांची सरासरी, खाटांची संख्या, रुग्णालय स्वतःचं की कराराचं, आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी रुग्ण तपासतात, हे पसंतीक्रमाचे अर्ज उघडण्यापूर्वी जाहीर करणं बंधनकारक व्हावं. ओपीडीच्या नोंदवह्या रोज भरल्याच जातात. त्या पालकांसमोर ठेवायला कॉलेजांना वेगळा खर्च नाही.