मोडीत काढण्यापूर्वी

विंडोज १० या संगणक-प्रणालीला मायक्रोसॉफ्ट कंपनीने दिलेले नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. काहींना ठरावीक काळाची मुदतवाढ मिळाली, परंतु मुदतवाढ म्हणजे मरण पुढे ढकलणे, टाळणे नव्हे. नवी विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिला किमान चार गिगाबाइट स्मृती, टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि अलीकडच्या जातीचा प्रोसेसर हवा. परिणामी शाळांतील, ग्रामपंचायतींतील, पतसंस्थांतील आणि सामान्य घरांतील असंख्य संगणक, त्यांची एकही कळ नादुरुस्त नसताना, निरुपयोगी ठरू पाहत आहेत. यंत्र बिघडले म्हणून नव्हे, तर विक्रेत्याने पाठ फिरविली म्हणून ते भंगारात जावे, ही गोष्ट आम्हांस केवळ खर्चाची वाटत नाही. ती परावलंबनाची आहे.

आपल्या किनाऱ्यावर होडीची फळी कुजली तर सुतार ती फळी बदलतो; होडी कोणी जाळीत नाही. होडी कशी बांधली आहे हे सुताराला ठाऊक असते आणि तिला हात लावण्यास त्याला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणूनच हे शक्य होते. संगणकाच्या बाबतीत नेमकी हीच वाट अडविलेली आहे. ज्या आज्ञावलीवर तो चालतो तिची मूळ संहिता कंपनीच्या तिजोरीत असते. ग्राहकाला मिळतो तो वापरण्याचा परवाना, तोही तिच्या अटींवर.

या अडवणुकीविरुद्ध अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालविणे, तिची रचना अभ्यासून बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि आपण केलेली सुधारणा सर्वांपुढे ठेवणे, अशी चार स्वातंत्र्ये त्यांनी मागितली. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढल्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला. तेव्हापासून या दोहोंच्या मिलाफातून बनलेल्या प्रणाली जगभर चालत आल्या आहेत. विद्याधन वाटल्याने वाढते हे आपल्याकडे लहानपणापासून शिकविले जाते. या मंडळींनी ते परवान्याच्या कलमांत बसविले, एवढेच. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ ‘फुकट’ असा घेऊ नये. फुकट मिळालेली वस्तू दाता उद्या परत मागू शकतो; मुक्त वस्तू तशी हिरावून घेता येत नाही.

थोडक्या साधनांत संगणक चालविण्याचा प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यात होऊन गेला, याचे स्मरण फारच थोड्यांना असेल. २००७ साली कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेतील मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे संगणक आले. ‘प्रत्येक मुलास एक संगणक’ या जागतिक योजनेचा तो भारतातील आरंभीचा प्रयोग होता. त्या यंत्राचा वेग ४३३ मेगाहर्ट्झ, स्मृती २५६ मेगाबाइट आणि साठवण अवघी एक गिगाबाइट. आजचा साधा भ्रमणध्वनीही त्याच्या कितीतरी पुढे आहे. तरीही मुक्त आज्ञावलीच्या बळावर त्यात लेखन, चित्र, संगीत आणि गणन सामावले होते. उन्हात वाचता येईल असा पडदा त्याला होता, आणि विजेची भूक अगदी थोडी. अल्प साधन आणि मोकळी विद्या एकत्र आली म्हणजे काय साधते, याचा हा नमुना होता.

ती योजना जगभर फोफावली नाही, हेही आम्ही लपवू इच्छीत नाही. शंभर डॉलरचे म्हणून गाजलेले यंत्र प्रत्यक्षात पावणेदोनशेच्या पुढे गेले, आणि केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्येच त्यास नकार दिला होता. जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेने वर्षानुवर्षे खपून आपले संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७ साली पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. यंत्र वाटणे सोपे. ते सांभाळणारा माणूस उभा करणे कठीण. जेथे हे दुसरे काम झाले तेथे यश आले. केरळचे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. तेथे २००१ साली सुरू झालेल्या शालेय संगणक प्रकल्पाने आधी शिक्षकांना तयार केले, मग शाळा मुक्त प्रणालीवर नेल्या, आणि दहावीची संगणक परीक्षाही तिच्यावरच घेतली. परवान्यांचे सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा तेथील शासकीय यंत्रणेचा दावा आहे. गोव्यातही या शतकाच्या आरंभी परदेशांतून आलेले वापरलेले संगणक लिनक्सवर चालवून शाळांना देण्याचा उपक्रम काही ध्येयवादी मंडळींनी केला होता. म्हणजे वाट अनोळखी नाही; ती मोडली आहे.

प्रश्न भाषेचाही आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांत जुळविलेला मराठी मजकूर आज दुसऱ्या संगणकावर उघडला तर अगम्य चिन्हांची रांग दिसते. कितीएक स्मरणिका, अहवाल आणि पुस्तके अशी मुकी होऊन पडली आहेत. खुला टंक आणि खुली साठवण-पद्धती यांचा आग्रह तेव्हा धरला असता तर ही वेळ आली नसती. शिवाय मुक्त आज्ञावलीचे भाषांतर करण्यास कोणाची मिनतवारी करावी लागत नाही. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, सिंगरेणीच्या कोळशावर वाढलेल्या बेल्लमपल्लीसारख्या गावात एखादे मराठी घर असेल, तर त्या घरातील एकाच यंत्रावर शाळेतून आलेल्या मुलास तेलुगू आणि आजीस मराठी दिसू शकते. बाजाराच्या दृष्टीने असे घर नगण्य असते. भाषेच्या दृष्टीने ते नगण्य नव्हे.

मुक्त प्रणाली म्हणजे सर्व रोगांवर रामबाण, असे आम्ही म्हणत नाही. आजची संकेतस्थळेच इतकी जडशीळ झाली आहेत की जुन्या यंत्राची त्यांच्यापुढे दमछाक होते. काही छापयंत्रे रुसतात, आणि काही सरकारी कामे विशिष्ट आज्ञावलीवाचून अडतात. परंतु लेखन, हिशेब, पत्रव्यवहार आणि प्रोग्रामिंगचे शिक्षण यांसाठी दोन गिगाबाइट स्मृतीचा संगणक हलक्या लिनक्सवर आजही समाधानकारक चालतो. शाळेला याहून अधिक काय हवे असते?

यास्तव आमचे शासनास सांगणे आहे ते एवढेच. शाळांतील आणि कार्यालयांतील एकही चालता संगणक, त्यावर मुक्त प्रणाली बसवून पाहिल्याशिवाय मोडीत काढू नये. प्रत्येक तालुक्यात निदान एका जाणकारास पगार देऊन या कामावर नेमावे. नवी खरेदी करताना यंत्राबरोबर दुरुस्तीचा हक्क आणि कागदपत्रांचे खुले स्वरूप यांची अट घालावी. मुक्त आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ सालीच जाहीर केले आहे. ते कपाटातून बाहेर काढावे. पालकांनीही शाळेत नवे यंत्र किती आले हे विचारण्याआधी, असलेले यंत्र उघडून आतले दाखविणारा शिक्षक आहे काय, हे विचारावे. भंगाराची निविदा काढण्यास एक दिवस पुरतो; मुलांच्या हातांना दुरुस्तीची सवय लावण्यास वर्षे लागतात. ती वर्षे आता मोजायला घेतली पाहिजेत.