चोवीस आठवडे कुणाचे?

‘आदिवासी बायका वेळेवर तपासणीला येत नाहीत.’ आमच्या पेठ तालुक्याबद्दल हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता उत्तर देणं भाग आहे.

वेळेवर म्हणजे कधी? डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषाची शंका दाखवणारी, गर्भाच्या मानेमागचा द्रव मोजणारी सोनोग्राफी ११ ते १४ आठवड्यांदरम्यानच करतात. आणि २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला चालणारं प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान आहे दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या बायांसाठी. सरकारी दार उघडतं तेव्हा ही खिडकी मिटत आलेली असते. मग उशीर कुणी केला?

खात्रीच्या निदानासाठी गर्भजल तपासणी, पंधराव्या आठवड्यानंतर. त्यासाठी सावळघाट ओलांडून नाशिक गाठायचं, मजुरी बुडवायची, वर अहवालाची दोन-तीन आठवडे वाट पाहायची.

२०१७मध्ये महाराष्ट्रातल्या ३७ वर्षांच्या एका बाईला, गर्भाला डाउन सिंड्रोम असूनही, २६व्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली. २०२१च्या दुरुस्तीने गर्भातल्या गंभीर व्यंगासाठी मुदत २४ आठवडे झाली. त्यापुढे वैद्यकीय मंडळ ठरवतं. चांगलंच झालं. पण आठवडे वाढवल्याने घाट लहान होत नाही.

सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर पाटी असते: इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. ती हवीच. मात्र तोच १९९४चा कायदा गुणसूत्रदोष शोधायची मुभा देतो, हे गरोदर बाईला कोण सांगतं?

कुणी विचारेल, म्हणजे अशी मुलं जन्मूच नयेत का? मी तसं म्हणत नाही. अहवाल वाचून एखादी म्हणेल, मला हे मूल हवंय. तिलाही तो अहवाल तितकाच लागतो. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. आधी कळलं तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. न कळणं म्हणजे मुलाचा स्वीकार नव्हे, ती नुसती हेळसांड आहे.

माझी मागणी साधी आहे. प्राथमिक तपासणीचं रक्त इथल्याच आरोग्य केंद्रात घ्या आणि नाशिकला पाठवा. ज्यांच्या अहवालात शंका निघेल त्यांनाच पुढे न्या, गाडीने, बुडालेल्या मजुरीसह. निकाल काय आला ते तिला तिच्या बोलीत सांगा आणि निर्णय तिच्यावर सोडा.

रक्ताची बाटली घाट चढू शकते. दर वेळी बाईनेच का चढावा?