उभयपक्षी मान्य

मराठीत ‘उभयपक्षी’ हा मोठा गोड शब्द आहे. लग्नाची बोलणी उभयपक्षी होतात, देणीघेणी उभयपक्षी ठरतात आणि रुसवेफुगवेही बहुधा उभयपक्षीच असतात. पण हल्ली छापील करारनाम्यात हा शब्द भेटला की मी चष्मा पुसून पुन्हा वाचतो.

आमच्या शेजारच्या काकांनी निवृत्तीच्या पैशांतून एक फ्लॅट नोंदवला. ताबा तीन वर्षांत मिळायचा होता, पाच उलटली. चौकशीला गेले तेव्हा कचेरीतल्या तरुणाने मोठ्या अदबीने एका कलमावर बोट ठेवले: वाद झाल्यास तो लवादाकडेच न्यावा, हे उभयपक्षी मान्य आहे. लवाद नेमायचा कोणी? बिल्डरने! खाली काकांची सही. काका म्हणाले, “प्रोफेसर, माझं तोंडच बंद झालं की हो!”

आता लवाद ही काही वाईट गोष्ट नव्हे. पंचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतच आलो. दोन व्यापारी कोर्टाचे हेलपाटे चुकवण्यासाठी एखाद्या जाणत्याकडे जातात, हे शहाणपणच. पण तो जाणता दोघांनी निवडलेला असतो. इथे चाळीस पाने एकाने छापून आणायची आणि दुसऱ्याने घराच्या ओढीने पानोपानी सही करायची. शब्द दोघांचा, मर्जी एकाची!

अमेरिकेत असे कलम चालून जाते. कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याला ‘फुकट’ म्हणून मिळालेल्या फोनवर 30 डॉलर 22 सेंट विक्रीकर भरावा लागला. अशा सगळ्या गिऱ्हाइकांचा मिळून दावा चालावा, एवढेच मागणे. 2011 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी लवादाचे कलम उचलून धरले. तीस डॉलरसाठी एकटा माणूस किती झगडणार?

आपला कायदा या बाबतीत अधिक कनवाळू निघाला. ग्राहक संरक्षण कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, असे 1986 च्या कायद्यात तिसऱ्या कलमाने सांगितले. 2019 च्या कायद्यात तेच शंभराव्या कलमात आले. म्हणजे लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. 2015 साली लवाद कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा ‘आता ते दार मिटले’ असा युक्तिवाद झाला. ‘एमार एमजीएफ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 2018 रोजी तो नाकारला. ग्राहकाला त्याच्या मनाविरुद्ध लवादाकडे पाठवता येत नाही, हे 2023 मध्ये पुन्हा सांगितले.

निवड मात्र विचारपूर्वक करावी. आपणच आधी लवादाकडे गेलात, तर नंतर आयोगाचा दरवाजा उघडा राहील, या भरवशावर राहू नये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तोही आपण राहतो त्या जिल्ह्यातला चालतो. वकील दिलाच पाहिजे, असे नाही.

काकांनी तक्रार गुदरली आहे. निकाल काय लागेल, ते आयोग ठरवील. पण त्या कचेरीतला तरुण परवा स्वतः फोन करून म्हणाला, “काका, एकदा चहाला या ना, उभयपक्षी बोलू!”