सिंथेसायझरवर टचस्क्रीन आली, तरी नॉब आणि बटणं का जात नाहीयेत?

2016 साली यामाहाने 'मोंटाज' हा सिंथेसायझर आणला, तेव्हा त्याच्या मधोमध सात इंची रंगीत टचस्क्रीन होती. 2023 मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, 'मोंटाज एम'. तोपर्यंत गाडीतला एसीसुद्धा स्क्रीनवर गेला होता. त्यामुळे आता इथेही बटणं कमी होणार, असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. यामाहाने टचस्क्रीन ठेवली, पण सोबत एक छोटी दुसरी स्क्रीन आणि तिच्याजवळ सहा जादा नॉब दिले.

त्याच वर्षी स्वीडनच्या नॉर्डने 'स्टेज 4' आणला. त्यावर टचस्क्रीन नाहीच. कोर्गने मात्र 2020 मध्ये 'नॉटिलस' आणताना टचस्क्रीन ठेवली आणि आधीच्या 'क्रोनॉस'वरचे नऊ स्लायडर काढून टाकले. तिन्ही कंपन्या नावाजलेल्या, पण दिशा वेगवेगळ्या. मग बरोबर कोण?

आधी सगळे नॉबच होते

1970 सालच्या 'मिनिमूग'वर जवळपास प्रत्येक नॉबला एकच काम होतं. आवाज कसा ठेवलाय, हे पॅनलकडे पाहूनच कळायचं.

गणित बदललं 1983 मध्ये, यामाहाच्या 'डीएक्स7'मुळे. या डिजिटल सिंथेसायझरमध्ये एक आवाज घडवायला शंभराहून जास्त आकडे ठरवावे लागायचे. इतके नॉब बसवायचे तर जागा आणि खर्च दोन्ही हाताबाहेर गेले असते. म्हणून यामाहाने सपाट बटणं, दोन ओळींची स्क्रीन आणि आकडा बदलायला एक स्लायडर दिला. वाद्य दीड लाखांहून जास्त विकलं गेलं. पण नवा आवाज घडवणं इतकं किचकट होतं, की बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवले. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक गाण्यांत तोच इलेक्ट्रिक पियानो ऐकू येतो, त्याचं एक कारण हे.

रोलँडने 1987 मध्ये 'डी-50' काढला, तेव्हा त्यासाठी स्लायडरनी भरलेला एक वेगळा बॉक्स विकायला ठेवला. म्हणजे जे पॅनलवरून गेलं होतं, तेच आता जादा पैसे मोजून परत मिळत होतं.

1995 मध्ये कोर्गच्या 'ट्रिनिटी'वर टचस्क्रीन आली. तिने सोडवला तो मेन्यूत हरवण्याचा प्रश्न. नॉबची जागा घेणं हे तिचं मूळ काम नव्हतंच.

स्क्रीन कशात सरस?

तयारीत. शेकडो टोनमधून हवा तो शोधणं, डाव्या हाताला बेस आणि उजव्या हाताला बासरी लावणं, कार्यक्रमातल्या गाण्यांचा क्रम लावून ठेवणं ही कामं स्क्रीनवर झटपट होतात. आवाजाचा आलेख समोर दिसतो. शिवाय सॉफ्टवेअर अपडेट आलं की स्क्रीनची मांडणी बदलता येते. नॉब मात्र जिथे बसवला तिथेच राहतो.

मग अडतं कुठे?

वाजवताना. गणपतीतल्या ऑर्केस्ट्राचं स्टेज डोळ्यासमोर आणा. गायक ऐनवेळी म्हणतो, "काळी एक नको, पांढरी एक घे." कीबोर्डिस्टला पट्टी बदलायची आहे, नजर गायकावर आहे आणि बोटं घामेजलेली आहेत. बटण असेल तर बोट चाचपून तिथे पोहोचतं. काचेवर चाचपता येत नाही, कारण सगळीकडे स्पर्श सारखाच आणि चुकून बोट लागलं तरी आदेश जातो.

दुसरी गोष्ट, नॉब हा वादनाचाच भाग असतो. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रोलँडच्या 'ज्युपिटर-8', 'टीबी-303' आणि 'टीआर-808' यांवर राग वाजवून 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला. 'टीबी-303'मध्ये एक सूर घसरत पुढच्या सुराला जोडता येतो, थेट मींडेची आठवण व्हावी असा. पुढे शिकागोच्या 'फ्युचर' ग्रुपने त्याच यंत्राचे नॉब ट्रॅक चालू असताना फिरवले आणि 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' तयार झालं. त्यातून 'अ‍ॅसिड हाउस' हा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला.

नॉबमध्ये खोट नाही का?

आहे. धूळ आणि दमट हवेने नॉब खरखरायला लागतात. प्रत्येक नॉबमागे खर्च वाढतो. शिवाय सेव्ह केलेला टोन लावला की नॉब एकीकडे आणि खरी सेटिंग दुसरीकडे, असं होतं. मग हात लावताच आवाज उडी मारतो. यावर उपाय म्हणजे न थांबता गोल फिरणारे नॉब आणि खरी सेटिंग दाखवणारे भोवतीचे दिवे. नॉर्डने 'स्टेज 4'वर दिव्यांचाच आधार घेतलाय.

ज्यांच्यासाठी हा आवडीचा प्रश्न नाही

दृष्टिहीन वादकांसाठी सपाट काच म्हणजे बंद दार. उंचवटा असलेलं बटण एकदा लक्षात राहिलं की वाद्य त्यांचं होतं. तेच काम फक्त स्क्रीनवर गेलं, तर दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागते. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या 'कम्प्लीट कंट्रोल' कीबोर्डवर नॉबला स्पर्श केला की तो कशाचा आहे, हे कॉम्प्युटर बोलून सांगतो. तिथेही सुरुवात बोटाला सापडणाऱ्या नॉबपासूनच होते.

गाड्यांमध्येही हाच धडा गिरवला जातोय. युरो एनकॅप या सुरक्षा चाचणीच्या 2026 पासूनच्या निकषांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या मोजक्या गोष्टींना खरं बटण किंवा दांडी असण्याला महत्त्व दिलं आहे. कारण तेच, नजर दुसरीकडे हवी असते.

त्यामुळे स्क्रीन की नॉब, असा हा सामना नाही. कोणतं काम घरी बसून करायचं आणि कोणतं गाणं चालू असताना, यावर उत्तर ठरतं. नवा कीबोर्ड घ्यायला जाणार असाल, तर दुकानात एक साधी चाचणी करा. एका हाताने वाजवत राहा, डोळे मिटा आणि दुसऱ्या हाताने आवाज कमी करून, टोन आणि पट्टी बदलून बघा. जमलं, तर स्क्रीन कितीही मोठी असो, तो कीबोर्ड स्टेजवर तुम्हाला साथ देईल.